लीलावतीच्या प्रश्नांसाठी दोन दिवस

मुंबईहून पुण्याकडे येताना लोणावळ्यानंतरचं पहिलं स्टेशन मळवली. स्टेशनाच्या दक्षिणेला भाजे लेणी आणि लोहगड-विसापूरची जोडी, उत्तरेला कार्ले लेणी आणि एकवीरा आईचा डोंगर. लोकल इथे थांबते, डेक्कन क्वीन थांबत नाही. १९४६ पासून पुढची बरीच वर्षं त्या न थांबणाऱ्या गाडीत एक गणिती बसलेला असे. दामोदर धर्मानंद कोसंबी राहायचे पुण्यात आणि संशोधन करायचे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत. हेच कोसंबी सवड मिळाली की डोंगरवाटा तुडवत लेणी आणि देवस्थानं धुंडाळायचे. कार्ल्याच्या शिलालेखांचा त्यांनी बारकाईने अभ्यास केला. तिथे दान देणाऱ्यांची नावं कोरलेली आहेत. त्यांत धेनुकाकटचे यवन आहेत, व्यापारी आहेत आणि भिक्षुणीही आहेत. दोन हजार वर्षांपूर्वी या बायकांनी आपल्या नावाने दान दिलं आणि ते दगडात नोंदवून ठेवलं.

याच पुणे जिल्ह्यात, जुन्नरच्या पलीकडे नाणेघाटातल्या गुहेत, सातवाहन राणी नागनिकेच्या नावाने ओळखला जाणारा लेख आहे. कोणत्या यज्ञात किती गायी, किती घोडे, किती कार्षापण दिले याची ती लांबलचक यादी. त्या यादीतले अंक भारतातल्या सर्वांत जुन्या अंकचिन्हांपैकी आहेत. दहाला वेगळी खूण, शंभराला वेगळी, हजाराला वेगळी. शून्य अजून आलेलं नाही. अंकांच्या इतिहासावरच्या पुस्तकांत नाणेघाटच्या या चिन्हांचा तक्ता हटकून भेटतो, आणि तो आलेला आहे एका राणीच्या दानधर्माच्या हिशेबातून.

हिशेबाशी बायकांचं नातं असं जुनं आहे. प्रश्न येतो तो त्यापुढच्या गणिताचा. जिथे उत्तर कोणालाच ठाऊक नाही, तिथे ‘हे असंच का?’ असं विचारायचं, आणि विचारल्यावर वर्षानुवर्षं त्याचा पाठपुरावा करायचा, त्या गणितात बायका कुठे होत्या?

महाराष्ट्रात या प्रश्नाला एक नाव आपोआप समोर येतं. भास्कराचार्यांनी ११५० च्या सुमारास, वयाच्या ३६ व्या वर्षी लिहिलेल्या ग्रंथाच्या पहिल्या भागाचं नाव ‘लीलावती’. ती त्यांची मुलगी होती, तिचं लग्न घटिकापात्रात अडकलेल्या मोत्यामुळे हुकलं, ही कथा फैजीने १५८७ साली केलेल्या फारसी भाषांतरातून पसरली. कथा खरी की खोटी हे बाजूला ठेवू. ग्रंथातली गणितं मात्र एका मुलीला उद्देशून घातलेली आहेत. त्यातलं भुंग्यांचं गणित प्रसिद्ध आहे. थव्यातल्या निम्म्या भुंग्यांचं वर्गमूळ काढलं तर येतील तेवढे भुंगे मालतीकडे गेले, सगळ्या थव्याचा आठ-नवमांश भाग आणखी एकीकडे गेला, एक भुंगा रात्री कमळात अडकला आणि त्याची भुंगी बाहेर घुमत राहिली. तर एकूण भुंगे किती? उत्तर ७२. निम्मे ३६, त्यांचं वर्गमूळ ६. आठ-नवमांश म्हणजे ६४. झाले ७०, आणि उरलेली ही जोडी.

गणित सुरेखच आहे. पण नीट पाहिलं तर लीलावतीच्या वाट्याला फक्त उत्तरं देण्याचं काम आलेलं आहे. प्रश्न तिला विचारले जातात. तिने उलट काही विचारलं असेल, एखाद्या रीतीवर शंका काढली असेल, तर ती ग्रंथात नाही. पुढची कित्येक शतकं हुशार मुलींना गणिताने असंच वागवलं. पेपर सोडव, पैकीच्या पैकी मार्क आण, सुवर्णपदक घे, आणि मग बास.

पुण्याचं फर्ग्युसन कॉलेज या बाबतीत मोठं बोलकं ठिकाण आहे. धोंडो केशव कर्वे तिथे १८९१ ते १९१४ गणित शिकवत होते आणि त्याच काळात हिंगण्याचं स्त्री-शिक्षणाचं काम उभं करत होते. १९१६ मध्ये महिला विद्यापीठ काढणारा माणूस पेशाने गणिताचा प्राध्यापक होता, हे आज फारसं कोणाच्या लक्षात नसतं. त्यांचेच आप्त र. पु. परांजपे १८९९ साली केंब्रिजच्या गणिताच्या परीक्षेत सीनियर रँग्लर, म्हणजे पहिले, आले. पुढे ते फर्ग्युसनचे प्राचार्य झाले आणि रँग्लर परांजपे म्हणूनच घराघरांत ओळखले गेले. त्याच्या नऊच वर्षं आधी, १८९० मध्ये, त्याच परीक्षेत फिलिपा फॉसेट नावाच्या मुलीला सीनियर रँग्लरपेक्षाही जास्त गुण मिळाले होते. निकालात तिचं स्थान ‘सीनियर रँग्लरच्या वर’ असं वाचून दाखवलं गेलं. किताब मात्र तिच्या खालच्या मुलाला मिळाला, कारण तो मुलींना द्यायची सोयच नव्हती.

रँग्लर परांजप्यांची लेक शकुंतला हीही केंब्रिजला गेली, फॉसेटच्याच न्यूनॅम कॉलेजात, आणि १९२९ मध्ये गणिताची ट्रायपॉस परीक्षा उत्तीर्ण झाली. मुलींना पूर्ण पदवी द्यायला केंब्रिज विद्यापीठाने १९४८ साल उजाडू दिलं. शकुंतलाबाईंनी पुढे संततिनियमनाच्या प्रचाराचं मोठं काम केलं, ‘कुंकू’ चित्रपटाची हिंदी आवृत्ती असलेल्या ‘दुनिया न माने’त भूमिका केली, राज्यसभेत गेल्या. त्यांचं आयुष्य कुठल्याही अर्थाने वाया गेलं नाही. तरीही १९२९ साली ट्रायपॉस झालेल्या मराठी मुलीला गणितातच राहायचं असतं, तर ती कोणाबरोबर बसून गणित करणार होती, हा प्रश्न उरतोच.

मंगला नारळीकरांच्या आयुष्यात या प्रश्नाचं अर्धंमुर्धं उत्तर सापडतं. पूर्वाश्रमीच्या मंगला राजवाडे १९६४ मध्ये मुंबई विद्यापीठात एम.ए.ला पहिल्या आल्या, कुलपतींचं सुवर्णपदक मिळवलं आणि टाटा संस्थेत संशोधनाला लागल्या. मग लग्न, केंब्रिज, मुली, १९७२ मध्ये परत मुंबई, सासू-सासरे, घर. पीएच.डी. झाली १९८१ साली. ‘लीलावतीज डॉटर्स’ हा भारतीय शास्त्रज्ञ महिलांच्या आत्मकथनांचा संग्रह २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. रोहिणी गोडबोले आणि राम रामस्वामी त्याचे संपादक. त्यात मंगलाबाईंनी फार सरळपणे लिहिलं आहे, की आपली गोष्ट आपल्या पिढीतल्या अनेक शिकलेल्या बायकांची गोष्ट आहे. घर आधी आणि करिअर नंतर, असाच क्रम त्यांनी ठेवला. त्यांच्या एका मुलीचं नाव लीलावती आहे.

त्यांचा विषय होता संख्यांची चाळणी. शाळेत एराटोस्थेनिसची चाळणी सगळ्यांनी केलेली असते: १ ते १०० लिहायचे, २ च्या पटीतले खोडायचे, मग ३ च्या, ५ च्या, ७ च्या. आता याकडे जरा वेगळ्या नजरेने पाहू. दोनाने निम्म्या संख्या जातात, निम्म्या उरतात. तिनाने उरलेल्यांतल्या दोन-तृतीयांश राहतात, पाचाने चार-पंचमांश, साताने सहा-सप्तमांश. हे सगळे अपूर्णांक गुणले की १०० पैकी २२.८६ संख्या उरायला हव्यात. प्रत्यक्ष मोजल्या तर उरतात २२: एक, आणि ११ पासून ९७ पर्यंतच्या २१ मूळ संख्या. अंदाज आणि वास्तव यांत इथे एकाहूनही कमी फरक आहे. शंभराऐवजी शंभर कोटींपर्यंत गेलं आणि शेकडो मूळ संख्यांनी चाळत राहिलं, तर हा फरक किती वाढेल? तो काबूत राहतो याची खात्री कशी द्यायची? चाळणीचं गणित इथून सुरू होतं, आणि मंगलाबाईंचा चाळलेल्या पूर्णांकांवरचा निबंध ‘ॲक्टा अरिथमेटिका’ या संख्या सिद्धांताच्या नामांकित नियतकालिकात आला. पुढे त्यांनी पुणे विद्यापीठात शिकवलं, भास्कराचार्य प्रतिष्ठानात शिकवलं, ‘गणितगप्पा’ आणि ‘गणिताच्या सोप्या वाटा’ ही पुस्तकं लिहिली, बालभारतीच्या गणित समितीचं अध्यक्षपद सांभाळलं. १७ जुलै २०२३ ला त्या गेल्या. मराठी मुलांना गणिताची गोडी लावण्याचं त्यांचं ऋण मोठं आहे. पण एम.ए. ते पीएच.डी. या १७ वर्षांत त्यांच्या डोक्यात किती प्रश्न आले आणि स्वयंपाकघरातच विरून गेले, याचा हिशेब कोणाकडेच नाही, आणि ही गोष्ट मनाला लागते.

आता चित्र बदललंय का? आकडे दोन्ही बाजूंनी बोलतात. २०२१-२२ च्या अखिल भारतीय उच्च शिक्षण पाहणीनुसार देशात विज्ञान शाखेत ५७.२ लाख विद्यार्थी होते. त्यांत मुली २९.८ लाख, मुलगे २७.४ लाख. म्हणजे मुलींना विज्ञान झेपतं का, हा वाद आता घालूच नये. दुसऱ्या टोकाला पाहावं, तर शांतिस्वरूप भटनागर पुरस्कार गणितात पहिल्यांदा एका महिलेला मिळाला १९८७ मध्ये, टाटा संस्थेतल्या आर. परिमला यांना. त्यानंतर २००४ मध्ये त्याच संस्थेतल्या सुजाता रामदोराई, आणि मग थेट २०१९ मध्ये नीना गुप्ता. जागतिक पातळीवर फील्ड्स पदक २०२२ पर्यंत ६४ जणांना मिळालं, त्यांत महिला दोन: २०१४ मध्ये इराणच्या मरियम मिर्झाखानी आणि २०२२ मध्ये युक्रेनच्या मरीना व्याझोव्स्का. जागतिक गणित परिषदेत मुख्य व्याख्यान देण्याचा मान एमी नोएथर यांना १९३२ मध्ये मिळाला. दुसऱ्या महिलेला, कॅरेन उलेनबेक यांना, तो मिळाला १९९० मध्ये. मधली ५८ वर्षं कोरडी.

वर्ग मुलींनी भरलेले आणि व्यासपीठ रिकामं. मधे कुठेतरी या मुली गळतात, आणि ही गळती अगदी साध्यासुध्या जागी होते.

कामशेतची किंवा वडगाव मावळची एखादी मुलगी डोळ्यांसमोर आणावी. लोकलने पुण्याला जाऊन-येऊन तिने एम.एस्सी. केलं. सकाळची गाडी चुकली तर पंचाईत, दुपारी तर लोकलच्या वेळापत्रकात मोठाच खंड. एम.एस्सी.नंतर नेट-सेट. सेट झाली की गावाजवळच्या कॉलेजात तासिका तत्त्वावर काम मिळतं. तासाला ठरलेले पैसे, तास बुडाला की पैसे बुडाले. पूर्णवेळ जागा मिळालीच तर सहायक प्राध्यापकाला आठवड्याला १६ तास शिकवणं बांधलेलं, शिवाय पेपर तपासणी, परीक्षेची ड्युटी आणि नॅकची कागदपत्रं. मधे लग्न, मूल. पीएच.डी. करायची तर गाइड शोधायचा. गाइड आहेत पुण्यामुंबईच्या संस्थांत, आणि त्यांची ओळख होते परिषदांमध्ये. परिषद बंगळुरूला, आठ दिवसांची, मुक्कामी. घरून होकार येईपर्यंत अर्जाची तारीख उलटून जाते.

सरकारी पातळीवर काही दारं उघडली आहेत. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१६ च्या नियमांनी महिलांना पीएच.डी.साठी दोन वर्षं जास्त दिली आणि प्रसूती-बालसंगोपनासाठी २४० दिवसांची रजा दिली. विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाची महिला शास्त्रज्ञ योजना तर निघालीच कामात खंड पडलेल्या बायकांसाठी. पण नियमांनी वेळ मिळतो, सोबत मिळत नाही. गणिताला प्रयोगशाळा लागत नाही हे खरं असलं, तरी एकट्याने घरात बसून ते होत नाही. कुठे अडलं आहे ते दुसऱ्याला सांगता सांगताच निम्मं सुटतं. ज्या बाईला हे सांगायला माणूसच नाही, तिचं गणित हळूहळू आटत जातं.

‘इंडियन विमेन अँड मॅथेमॅटिक्स’ हा उपक्रम २००९ मध्ये सुरू झाला तो याच अडचणीवर उपाय म्हणून. देशातल्या गणिती महिलांनीच तो उभा केला आणि अणुऊर्जा विभागाच्या राष्ट्रीय उच्च गणित मंडळाने त्याला पाठबळ दिलं. वर्षाची एक राष्ट्रीय परिषद असतेच, पण या उपक्रमाचं खरं बळ प्रादेशिक कार्यशाळांत आहे. वेगवेगळ्या राज्यांत, कधी विद्यापीठात तर कधी कॉलेजात, दोन-तीन दिवसांचा कार्यक्रम. आजूबाजूच्या जिल्ह्यांतल्या एम.एस्सी.च्या मुली, पीएच.डी. करणाऱ्या, आणि शिकवता शिकवता संशोधनापासून दुरावलेल्या प्राध्यापिका, अशा तिघींना डोळ्यांसमोर ठेवून आखलेला.

अशा कार्यशाळेत काय होतं, हे बाहेरच्यांना नीट ठाऊक नसतं. साडी-शाल-श्रीफळ, दीपप्रज्वलन आणि ‘महिला सक्षमीकरण’ यांवरची भाषणं, असं काहीसं चित्र डोक्यात असतं. प्रत्यक्षात दिवसाचा बहुतेक वेळ चोख गणितात जातो. सकाळी एखाद्या संशोधिकेचं व्याख्यान: गाठींचं गणित, आलेख सिद्धांत, विकलक समीकरणं, बीजगणित, काहीही. विषय सुरुवातीपासून उलगडायचा आणि आज लोक कुठे अडले आहेत तिथपर्यंत न्यायचा. दुपारी विद्यार्थिनींची छोटी सादरीकरणं, आणि मग एक चर्चासत्र. त्यात बीजगणित नसतं, पण तितकंच अवघड काही असतं: शिष्यवृत्तीला अर्ज कधी करायचा, दुसऱ्या शहरात नोकरी लागलेल्या नवऱ्याचं काय, पाच वर्षांचा खंड बायोडेटात कसा लिहायचा, गाइडशी पटलं नाही तर काय करायचं. यांची उत्तरं कुठल्या परिपत्रकात नसतात. ती त्या वाटेने गेलेल्या बाईकडेच असतात.

सगळ्यांत महत्त्वाचं घडतं ते व्याख्यान संपल्यावरच्या पाच मिनिटांत. ‘कोणाला काही विचारायचंय?’ असं म्हटल्यावर एरवीच्या परिषदेत पहिल्या रांगेतल्या दोन-तीन ज्येष्ठांचे हात वर जातात आणि मागच्या मुली वहीत डोकं खुपसतात. आपली शंका बावळट ठरेल, ही भीती मुलग्यांनाही असते. पण खोलीत आपल्यासारखं दुसरं कोणीच नसेल, तर आपल्या चुकीचं खापर सगळ्या मुलींवर फुटेल, ही जादाची भीती फक्त त्यांच्या वाट्याला येते. मुलींनीच भरलेल्या खोलीत हे ओझं उतरतं. शंका साधीच असते: ही अट कशाला हवी? ती काढली तर सिद्धता कुठे मोडते? एखादं उदाहरण दाखवाल? व्याख्याती फळ्याकडे वळते, अट पुसते, उदाहरण मांडू लागते, आणि कधी कधी तिलाही थांबावं लागतं. शंका विचारणाऱ्या मुलीसाठी तो क्षण पदकाहून मोठा असतो. आपला प्रश्न खरोखरचा प्रश्न होता, हे तिला पहिल्यांदा कळतं.

वेगळ्या परिषदा कशाला, हा आक्षेप जुना आहे आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. प्रमेयाला लिंग नसतं. अनेक नामवंत गणिती महिलांना स्वतःच्या नावामागे ‘महिला’ हे विशेषण आवडत नाही, आणि ते रास्तच आहे. शिवाय अशा मेळाव्यांमुळे मुख्य परिषदांचे आयोजक हात झटकून मोकळे होतील, ही भीतीही आहे. पण प्रमेयाला लिंग नसलं तरी फळ्यासमोर उभं राहणाऱ्याला घर असतं, वय असतं, मुलं असतात. गटिंगेनमध्ये एमी नोएथर यांना आपली व्याख्यानं कित्येक वर्षं डेव्हिड हिल्बर्ट यांच्या नावाने जाहीर करून द्यावी लागली. त्यांचं बीजगणित कमी पडलं म्हणून ही वेळ आली नव्हती. वेगळी परिषद हा कायमचा मुक्काम नसावा, हे मान्य. मुख्य परिषदेत निर्धास्तपणे हात वर करता यावा, यासाठीची ती तयारी आहे.

आणि तिचा परिणाम दिसतो. कॅनडातल्या बॅन्फ इथे २००८ मध्ये ‘विमेन इन नंबर्स’ ही संख्या सिद्धांतातल्या महिलांची निवासी परिषद भरली. तिने व्याख्यानांवर भर न देता गट पाडले. प्रत्येक गटात एक-दोन अनुभवी संशोधिका, बाकी नवख्या. आठवडाभर एकच खरा, न सुटलेला प्रश्न. त्यातून एकत्र लिहिलेले शोधनिबंध आले आणि पुढे गणिताच्या इतर शाखांनीही ही पद्धत उचलली. अमेरिकेतली गणिती महिलांची संघटना १९७१ ची, युरोपातली १९८६ ची. आंतरराष्ट्रीय गणित संघाने महिलांसाठी समिती नेमली २०१५ मध्ये. मिर्झाखानींचा वाढदिवस, १२ मे, आता जगभर गणितातल्या महिलांचा दिवस म्हणून साजरा होतो.

या प्रवासात भारताची जागा मानाची आहे. जागतिक गणित परिषद २०१० मध्ये हैदराबादला भरली. तिच्या आदल्या दोन दिवशी, १७ आणि १८ ऑगस्टला, हैदराबाद विद्यापीठात गणिती महिलांची आंतरराष्ट्रीय परिषद झाली, ती त्या मालिकेतली पहिली. त्याच आठवड्यात आंतरराष्ट्रीय गणित संघाने आपली पहिली महिला अध्यक्ष निवडली, बेल्जियमच्या इंग्रिड डोबेशी. मुख्य परिषदेत परिमला यांचं मुख्य व्याख्यान होतं. उद्घाटनाला राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील होत्या आणि फील्ड्स पदकं त्यांच्या हस्ते दिली गेली. प्रतिभाताई जळगाव जिल्ह्यातल्या. भास्कराचार्यांच्या ग्रंथांचं अध्ययन चालावं म्हणून त्यांच्या नातवाने मठ स्थापन केल्याचं सांगणारा शिलालेख पाटणला आहे, तोही त्याच जिल्ह्यात, चाळीसगावजवळ. त्या दिवशी पदकं घ्यायला पुढे आलेले चौघेही पुरुष होते. पहिल्या महिलेला ते मिळायला आणखी चार वर्षं लागायची होती.

महाराष्ट्रात अशा कामासाठी माणसांची आणि संस्थांची वाण नाही. पुण्यात आयसर आहे, विद्यापीठाचा गणित विभाग आहे, भास्कराचार्य प्रतिष्ठान आहे. स. प. महाविद्यालय आणि होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र मिळून पदवीच्या मुलांसाठी माधव गणित स्पर्धा घेतात. मानखुर्दचं हेच केंद्र शाळकरी मुलींना युरोपियन गर्ल्स मॅथेमॅटिकल ऑलिम्पियाडसाठी तयार करतं. भारताचा चौघींचा संघ २०१५ पासून तिथे उतरतो आहे. मुंबई विद्यापीठातल्या एस. कुमारेसन यांनी १९९३ मध्ये सुरू केलेली एमटीटीएस ही उन्हाळी शिबिरं तर ‘प्रश्न विचारा, नाहीतर गणित येणार नाही’ याच पायावर उभी राहिली. उणीव आहे ती हे सगळं शहराच्या हद्दीबाहेर नेण्याची.

इथे मावळाचा विचार करावासा वाटतो. मुंबई आणि पुणे यांच्या मधे, लोकलच्या वाटेवर, डोंगराच्या कुशीत. कार्ला-लोणावळ्याची निवासस्थानं कंपन्यांच्या बैठकांनी शनिवार-रविवारी भरलेली असतात आणि आठवड्याच्या मधल्या दिवसांत बऱ्यापैकी मोकळी. जर्मनीतल्या ब्लॅक फॉरेस्टमध्ये ओबरवोल्फाख नावाचं एक खेडं आहे. तिथे १९४४ पासून गणित संस्था आहे आणि जगभरचे गणिती आठवडाभर तिथे राहतात, फळ्यासमोर भांडतात, दुपारी जंगलात फिरतात. गणिताला एवढंच लागतं: फळा, खडू, चहा आणि चालायला वाट. दोन दिवसांची निवासी कार्यशाळा मळवलीच्या आसपास घेतली, तर टाटा संस्थेतली संशोधिका मुंबईहून येऊ शकते, आयसरमधली पुण्याहून, आणि तळेगाव-कामशेत-लोणावळ्याच्या मुलींना रात्री घरी परतणंही शक्य आहे. लहान मुलांना सांभाळायची एक खोली आणि तासिका तत्त्वावरच्या प्राध्यापिकांना बुडालेल्या तासांचा मोबदला, एवढी सोय आयोजकांनी मनावर घेतली तर निम्म्या अडचणी तिथेच मिटतात. हे काही कोटींचं काम नाही.

अशा कार्यशाळेत पहिलं व्याख्यान कशावर ठेवावं? पुण्याशी धागा जुळणारा एक विषय हाताशी आहे. शाळेत आपण शिकतो, ३ गुणिले क बरोबर ३ गुणिले ख असेल, तर ३ काढून टाकायचे आणि क बरोबर ख म्हणायचं. असाच प्रश्न भूमितीत अमेरिकन गणिती ऑस्कर झारिस्की यांनी १९४९ च्या सुमारास मांडला. दोन भौमितिक आकृत्या घेतल्या, एक रेषा, प्रतल किंवा अवकाश यांपैकी, दुसरी कुठलीही. दोघींनाही एकेक सरळ रेषा जोडून त्यांची मिती एकाने वाढवली. वाढवलेल्या आकृत्या एकसारख्या निघाल्या, तर मूळ आकृत्याही एकसारख्याच असतील का? जोडलेली रेषा त्या तिनासारखी काढून टाकता येईल का?

झारिस्कींचे विद्यार्थी श्रीराम अभ्यंकर. मराठी घरातला, ग्वाल्हेरला वाढलेला हा गणिती अमेरिकेत नावारूपाला आला आणि १९७६ मध्ये त्याने पुण्यात भास्कराचार्य प्रतिष्ठान स्थापन केलं. अभ्यंकर, ईकिन आणि हाइन्झर या तिघांनी १९७२ मध्ये सिद्ध केलं, की रेषेच्या बाबतीत, म्हणजे एका मितीत, उत्तर ‘हो’ आहे. पुढच्या दशकाच्या आरंभापर्यंत प्रतलासाठीही ‘हो’ ठरलं. तीन मितींत मात्र गाडी अडली. २०१४ मध्ये कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत घडलेल्या नीना गुप्ता यांनी दाखवून दिलं, की तिथे उत्तर ‘नाही’ असं येऊ शकतं. ज्या संख्याव्यवस्थेत १ ही संख्या स्वतःत ठरावीक वेळा मिळवली की शून्य येतं, त्या व्यवस्थेत अशी एक आकृती आहे जी त्रिमितीय अवकाशासारखी नाही, पण एक रेषा जोडताच हुबेहूब चतुर्मितीय अवकाश होते. आधी माहीत असलेल्या एका आकृतीकडे त्यांनी नव्या प्रश्नासह पाहिलं, हे त्या कामाचं मर्म. या आणि पुढच्या कामासाठी त्यांना २०१९ मध्ये भटनागर आणि २०२१ मध्ये रामानुजन पुरस्कार मिळाला.

आपल्या नेहमीच्या संख्यांवर, जिथे १ कितीही वेळा मिळवला तरी शून्य येत नाही, झारिस्कींचा हा प्रश्न तीन आणि त्याहून जास्त मितींसाठी अजून सुटलेला नाही.